नमतं घेण्याचा वर्तमानकाळ

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्र्या दोन आणि माणसंही दोनच, त्यामुळे भांडायला तशी जागा नव्हती. काकांची इस्त्री वाफेची, बुडाला बारीक भोकं असलेली. काकूंची जुनी, जड, सपाट बुडाची. तिला वाफ लागत नसे, वजनच पुरे. काका शर्टाची पाठ खालून वर करत, कॉलरकडे. काकू वरून खाली, कॉलरपासून.

"पाणी कधी वर चढतं का?" काकू म्हणायच्या.

"आणि झाड कधी खाली वाढतं का?" काका म्हणायचे.

संसाराला एवढं भांडण पुरे होतं. लग्नापासून ते दोघांनी पुरवून पुरवून वापरलं होतं, धुऊन वाळत घातलं होतं आणि घडी करून ठेवलं होतं.

मग निळा कोट निघाला.

कोट मुलीचा. मुलगी लग्न करून समुद्रापलीकडे गेली, तेव्हा कोट कपाटातच राहिला. आता तिला दिवस गेले होते. तिचा नवरा इंग्रजी सोडून दुसरं काही बोलत नव्हता, आणि तिकडे जाऊन सहा महिने राहायचं तर आईबापांनाही थोडं इंग्रजी आलं पाहिजे, तसं प्रमाणपत्र कागदांना जोडलं पाहिजे, असा तिथला नियम होता. दोघांच्या नावाने अर्ज एकच. "दोघं पास व्हा आणि या. आणि येताना माझा निळा कोट आणा, इथं फार थंडी आहे," असं ती फोनवर म्हणाली, म्हणून काकूंनी तो हौसेने बाहेर काढला, झटकला, टेबलावर पसरला. पाठीवर, कॉलरच्या जरा खाली, तळहाताएवढा करपलेला डाग होता.

लॉन्ड्रीवाल्यांच्या घरात डाग कुणी नुसता बघत नाही. डाग वाचतात.

"भोकं उमटलेली नाहीत," काका म्हणाले. "तुझी इस्त्री."

"टोक कॉलरकडे आहे," काकू म्हणाल्या. "तुमचा हात."

दोघांचंही खरं होतं. घरात दोन खरी एकदम आली की तिसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागा उरत नाही. काका म्हणाले, पोरीचा कोट जाळून वर तोंड करून बोलतेस. काकू म्हणाल्या, जाळून लपवून ठेवणाऱ्याने तरी तोंड उघडू नये. आणि खरंच, त्यानंतर दोघांनीही एकमेकांसमोर तोंड उघडलं नाही.

अबोला म्हटला तरी दुकान चालवायचं होतं. मग गिऱ्हाईक निरोप्या झालं. काकू शर्टाकडे बघत बेकरीवाल्याला म्हणायच्या, "त्यांना सांगा, हँगर संपलेत." काका मशीनकडे बघत त्याच बेकरीवाल्याला म्हणायचे, "तिला सांग, कालच आणलेत, डोळे उघडून बघावं माणसाने." बेकरीवाला पिठाने पांढरा झालेला एप्रन हातात घेऊन मध्ये उभा. "काकू, ते तुमच्या शेजारीच उभे आहेत हो," तो म्हणे.

"कोण?" काकू विचारायच्या.

'अहो' गेलं आणि 'अगं'ही गेलं. उरलं 'ते' आणि 'ती'. काकूंना मात्र गप्प राहणं जन्मात जमलं नव्हतं. त्यांच्या आईने त्यांना कामाबरोबर गाणं जोडायला शिकवलं होतं, त्यामुळे हात हलला की ओळ सुटायची. त्या इस्त्रीलाच गाऊन सांगू लागल्या:

*तापली गं इस्तरी, हिचं पोट लालेलाल,*
*डाग ज्याच्या हातचा, त्याचे फुगलेले गाल.*

काकांना गळा नव्हता, पण मान होता. त्यांनी धुण्याच्या मशीनवर थाप मारून उत्तर दिलं:

*फीर बाई गरागरा, काढ कपड्याचा मळ,*
*मनातला निघेना, त्याला कुठलं गं बळ!*

गिऱ्हाइकं कपडे घ्यायला यायची ती पुढची ओळ ऐकून जायची. आणि काकांनी आणखी एक हट्ट धरला. आजवर त्यांच्या शर्टाला काकू इस्त्री करत. आता काकू करेनात, आणि स्वतः करून घेणं म्हणजे तिची गरज नाही असं कबूल करणं झालं असतं, की गरज आहे असं कबूल करणं झालं असतं, हे काकांना नीटसं ठरवता आलं नाही. म्हणून ते चुरगळलेला शर्ट घालून काउंटरवर बसू लागले. दोन गिऱ्हाइकं पाटी वाचून आत आली आणि मालक बघून परत गेली.

इंग्रजीच्या क्लासला दोघं जात ती मात्र बरोबर. म्हणजे काका पुढे, काकू मागे, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर.

क्लास टायरच्या दुकानावर भरायचा. जिना चढताना रबराचा वास यायचा आणि वर खडूचा. शिकवणाऱ्या बाई वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्यांची एक पद्धत होती. जे अंगातून निघत नाही ते डोक्यात राहत नाही, असं त्या म्हणत. म्हणून क्रियापद बसून चालवायचंच नाही. जोडीजोडीने समोरासमोर उभं राहायचं. 'आय' म्हणताना हात स्वतःच्या छातीवर. 'यू' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून हात त्याच्याकडे. 'ही' किंवा 'शी' म्हणताना तिसऱ्याकडे. एकाचं झालं की दुसऱ्याने तेच करायचं. आणि ज्या जोडीला जे क्रियापद मिळेल, ते तिने तोंडी परीक्षेत परीक्षकापुढे चालवून दाखवायचं.

क्रियापदं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात होती. टॅक्सीवाला आणि त्याचा मेहुणा यांना 'ड्राइव्ह' निघालं, आणि त्यांनी अशा काही आनंदाने उड्या मारल्या की खालच्या टायरवाल्याने छताला काठी ठोकली. दवाखान्यातल्या दोन सिस्टरना 'स्लीप' मिळालं. त्या म्हणाल्या, चला, इथे तरी मिळालं. काका-काकूंची पाळी शेवटची. एकमेकांच्या हाताला हात लागू नये म्हणून दोघंही डब्याकडे जाईनात. शेवटी बाईंनीच उरलेली चिठ्ठी काढली, उघडली, आणि त्यांचा चेहरा जरा पडला.

"रिलेंट," त्या म्हणाल्या. "हे कधी डब्यात टाकलं मी? फारसं कानावर पडत नाही हे."

"म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे… माणूस राग धरून बसलेला असतो बघा. अडून बसतो, ऐकत नाही. आणि मग शेवटी विरघळतो. नमतं घेतो. त्याला म्हणायचं रिलेंट."

मग टॅक्सीवाल्याने मेहुण्याच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि एका सिस्टरला एकाएकी खोकला आला.

"दुसरं द्या," काकू म्हणाल्या.

"नावं आणि क्रियापदं आजच मुख्य ऑफिसला कळवायची आहेत काकू, आणि डबा संपला. चला, समोरासमोर. सोपं आहे, वर्तमानकाळच तर आहे."

काका उभे राहिले. खाकरले. मग उजवा हात तलवारीसारखा काकूंकडे करून खणखणीत आवाजात म्हणाले, "यू रिलेंट!"

"काका, आधी आय."

"येतो ना आयवर. आधी यूचं पक्कं करतो. यू रिलेंट! यू रिलेंट!"

"काकू, तुम्ही सुरू करा मग."

काकूंनी नवऱ्याकडे न बघता अंगठा त्याच्या दिशेने केला आणि बेताने म्हणाल्या, "ही रिलेंट्स."

"वा, शेवटचा एस किती स्पष्ट! पण काकू, आय?"

"मॅडम, माझा घसा बसलाय. त्यांना सांगा, ते घरातले मोठे, पहिला मान त्यांचा."

"बाई, तिला सांगा, आम्ही बायकांना पुढे जाऊ देणारी माणसं."

"काका," टॅक्सीवाला मागून म्हणाला, "तुमची गाडी पहिल्या गिअरमध्ये पडतच नाही."

असं रोज चाललं. बाकीच्यांची क्रियापदं सुरळीत धावू लागली, झोपू लागली. हे एकच दुसऱ्या आणि तिसऱ्या पुरुषात अडकून पडलं. 'यू' आणि 'ही-शी' असे काही घासूनपुसून लख्ख झाले की बाई दुसऱ्यांना उदाहरण म्हणून दाखवत. 'आय' तेवढा कोरा.

एके दिवशी बाईंनी दोघांना थांबवून घेतलं. "हे बघा, तुमच्या रागात मी पडत नाही. पण परीक्षक पहिला प्रश्न 'आय'चा विचारतो. तो सुटला तर तोंडी परीक्षा गेली. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तेव्हा बाळ बसायला लागलेलं असेल."

दोघंही जिन्यावरून उतरले. मधलं अंतर तेवढंच होतं, पण काका त्या दिवशी दोनदा थांबले, चप्पल नीट करायला. चपलेला काही झालेलं नव्हतं.

घरी आल्या आल्या मुलीचा फोन आला. अबोल्याचं तिला कळू द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं न बोलता एकमत होतं. फोन टेबलावर ठेवून दोघं दोन बाजूंनी वाकून बोलायचे, दोघंही तिच्याशी.

"आई, कोट सापडला?"

"सापडला," काकू म्हणाल्या. काकांनी छताकडे पाहिलं.

मग मुलगी म्हणाली, "मग डागही दिसला असेल. ओरडू नका हं. मीच जाळला तो. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं बाजारात गेला होतात, मी दुकानात घाईघाईत इस्त्री करायला गेले. इस्त्रीवाल्यांची मुलगी आणि कोट जाळते, कुणाला तोंड दाखवू? म्हणून डाग आत जाईल अशी घडी करून कपाटात टाकला."

"कुठली इस्त्री घेतलीस?" काका फोनकडे आणखी वाकले.

"आईची. लहानपणापासून तीच हाताला बसलीय."

"आणि फिरवलीस कशी?" काकूंनी विचारलं.

"कशी म्हणजे? बाबांसारखी. खालून वर. का गं?"

फोन ठेवल्यावर टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं कोटाकडे बघत उभी राहिली. आईची इस्त्री, बापाचा हात. असा डाग दोघांपैकी एकट्याच्याने जन्मात पडला नसता.

आता सगळं मिटायला हवं होतं. गल्लीलाही तसंच वाटलं, कारण बेकरीवाल्याने ही बातमी पावाबरोबर घरोघर पोचवली. पण गल्लीला माणसांचं कळतं, मानाचं कळत नाही. काल दोघांपैकी एक गुन्हेगार होता. आज दोघंही निर्दोष ठरले, म्हणजे दोघांवरही खोटा आळ आला होता. आणि आळ ज्याने घेतला त्याने आधी बोलायला नको का?

"तिला सांग," काका बेकरीवाल्याला म्हणाले, "उगाच आरोप केला, एवढं म्हटलं तरी चालेल मला."

"त्यांना सांगा," काकू म्हणाल्या, "हे माझ्याच मनातलं वाक्य आहे. चोरू नका म्हणावं."

बेकरीवाल्याने एप्रन काउंटरवर ठेवला. "काकू, एक विचारू? राग गेला ना?"

"राग कधीच गेला."

"मग राहिलं काय?"

काकूंनी एप्रनवर पाणी मारलं. पूर्वी पाणी मारायचं काम काकांचं असायचं. ते शिंपडत आणि त्या इस्त्री फिरवत, चार हात एका कापडावर. अबोल्यापासून प्रत्येक जण आपलं आपण शिंपडत होता, आणि कधी कपडा कोरडा राहायचा, कधी चिंब व्हायचा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी काका आंघोळ करून आले, तर खुर्चीच्या पाठीवर त्यांचा पांढरा शर्ट टाकलेला. इस्त्री केलेला. काकू स्वयंपाकघरात भांडी वाजवत होत्या, गरजेपेक्षा जरा जास्तच. काकांनी शर्ट उचलला. बोलायचं नव्हतंच, पण लॉन्ड्रीवाल्याचा हात, त्याला कापड गप्प बसू देत नाही. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. मग शर्ट खिडकीजवळ नेला आणि उजेडात तिरका धरला.

कापडाची लव वर गेली होती. इस्त्री खालून वर फिरली होती, कॉलरकडे. सगळ्या जन्मात त्या बाईने एकही शर्ट असा केला नव्हता.

काकांनी तो अंगात घातला. बटणं लावायला त्यांना बराच वेळ लागला.

परीक्षेच्या खोलीत एक टेबल, एक पाण्याचा तांब्या आणि एक परीक्षक होता. परीक्षक कोरडा माणूस. चष्म्यावरून बघायचा आणि कधी हसायचा नाही. बाई दाराबाहेर उभ्या होत्या आणि दाराची फट त्यांनी बुटाच्या टोकाने हळूच राखून ठेवली होती. त्यांच्या मागे सिस्टर, त्यांच्या मागे टॅक्सीवाला, आणि परीक्षेशी काही संबंध नसलेला बेकरीवालासुद्धा.

परीक्षकाने कागद पाहिला. "रिलेंट," तो म्हणाला आणि त्याने भुवया उचलल्या. "प्लीज."

काका-काकू समोरासमोर उभे राहिले. कितीतरी दिवसांनी काकूंनी वर पाहिलं. समोर पांढरा शर्ट होता, आणि त्यावर एक घाबरलेला चेहरा होता. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हा असाच होता, त्यांना आठवलं. पाणी मागितलं होतं आणि प्यायचं विसरले होते. हा आता गप्प बसेल, त्या मनात म्हणाल्या. हा हट्टी बाप्या असाच उभा राहील, आणि तिकडे माझी लेक एकटी बाळंत होईल. जाऊ दे. मान काय, धुता येतो. त्यांनी हात छातीवर ठेवला.

"आय रिलेंट," काकू म्हणाल्या.

पण त्याच क्षणी, त्याच सुरात, दुसराही आवाज निघाला होता. काकांचा हात पांढऱ्या शर्टावर होता. "आय रिलेंट."

दोघंही दचकले.

"मी आधी म्हटलं," काकू म्हणाल्या, थेट त्यांना.

"नो," काका म्हणाले. "नो, नो. आय. आय रिलेंट."

"नो! आय! यू… यू आफ्टर!"

"यू शर्ट! मॉर्निंग शर्ट! यू रिलेंट मॉर्निंग, आय नाऊ!"

"शर्ट इज शर्ट! माउथ इज आय!"

"अगं, पण साहेबांसमोर तरी…"

"अहो, साहेबांनाच विचारा ना, आधी कोण म्हणालं!"

दाराबाहेर कुणीतरी हुंदक्यासारखा आवाज केला. तो बेकरीवाला होता असं सिस्टर सांगतात. तो म्हणतो, सिस्टर होती.

परीक्षक पेन थांबवून बघत होता. इतक्या वर्षांत त्याने पाठ केलेली शेकडो संभाषणं ऐकली होती, हवेबद्दलची, बाजाराबद्दलची, आणि ती ऐकता ऐकता झोप आवरली होती. आज प्रथमच त्याला पुढे काय होतं हे जाणून घ्यायचं होतं. पण नियम म्हणजे नियम. "अँड… ही?" त्याने विचारलं. "शी?"

दोघांनी त्याच्याकडे वळून पाहिलं, जणू त्याने दुसऱ्याच कुणाच्या घराची चौकशी केली होती.

"ही?" काका म्हणाले. "ही… रिलेंट."

"शी रिलेंट," काकूही म्हणाल्या, आणि लगेच नवऱ्याकडे वळून, "बरोबर ना हो?"

निकाल आठवड्याने लागला. दोघंही पास. 'संभाषणातील सहजता' या खान्यात पूर्ण गुण. असे गुण आजवर त्या क्लासला कधी मिळाले नव्हते, आणि बाईंनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. पण मग त्यांनी दोघांकडे बघून कपाळावर हात मारला. "तिसऱ्या पुरुषात गुण गेले तुमचे! एस कुठे गेला? महिनाभर दुसरं काही बोलत नव्हतात, आणि नेमका तोच विसरलात?"

"बाई," काका म्हणाले, "तेव्हा समोर दोघंच होतो हो. तिसरं कुणी दिसेना."

लॉन्ड्रीत निळा कोट टेबलावर पसरला होता. त्याला आज शेवटचा हात द्यायचा आणि बॅगेत भरायचा. डाग तसाच ठेवायचा, हे ठरलं होतं. इतक्या लांब जायचं तर घरचं काहीतरी अंगावर असावं, असं काकू म्हणाल्या होत्या. जड इस्त्री तापत होती, आणि काकूंच्या तोंडात ओळ तयार होत होती:

*निळ्या माझ्या कोटावर एक डाग राहू दे,*
*माय कुठं, बाप कुठं, बाळ त्यात पाहू दे.*

"अहो, पाणी मारा की. का तेही आधी मीच मारू?"

काकांनी वाटीत बोटं बुडवली आणि शिंपडलं. काकूंनी कॉलरपासून इस्त्री टेकवली.

"अगं, खालून वर घे! नाहीतर लव मोडते."

"हे बघा, एक शर्ट केला म्हणून डोक्यावर बसू नका."

"झाड कधी खाली वाढतं का?"

"पाणी वर चढतं का आधी ते सांगा."

बेकरीवाला आत आला. हातातला एप्रन त्याने काउंटरवर ठेवला आणि सवयीने दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. कुणी निरोप देईना.

"काय रे?" काका त्याला म्हणाले. "मध्ये कशाला उभा? दिसत नाही, आम्ही भांडतोय?"